हॉटेलात मेन कोर्स कुठला अन् साइड डिश कुठली? दहा जणांची ऑर्डर द्यायची आहे

तेरणाकाठची
मंडळी, मदत हवी आहे. येत्या रविवारी सगळं घर बाहेर जेवायला जाणार. आई-बाबा, सासू-सासरे, दीर-जाऊ, आम्ही दोघं आणि दोन पोरं, असे दहाजण. ठिकाण छत्रपती संभाजीनगर, जालना रोडवरचं एक फॅमिली रेस्टॉरंट. ऑर्डर द्यायचं काम एकमताने माझ्या गळ्यात पडलंय.

मेन्यूकार्ड मोबाईलवर मागवून घेतलं. पुस्तकच आहे ते. सूप आणि स्टार्टर्स कळले. पुढे 'मेन कोर्स' या पानावर नुसत्या भाज्याच भाज्या. डाळीचं पान वेगळं, रोट्यांचं वेगळं, भाताचं वेगळं. शेवटी रायता, पापड, सॅलड यांचा एक कोपरा. शिवाय चायनीज, कॉन्टिनेंटल आणि सिझलर आहेतच.

माझे प्रश्न: मेन कोर्स म्हणजे फक्त भाजी का? तिच्याबरोबर काय आपोआप येतं आणि काय वेगळं मागवायचं? आणि दहा जणांना किती लागतं? सासरे उदगीरचे, माळकरी. भाकरी नसली तर जेवल्यासारखं वाटत नाही त्यांना. बाबा 'काहीही मागव गं' म्हणतात आणि मग कशालाच हात लावत नाहीत. त्यामुळे सगळं शाकाहारीच.

हुरडा_पार्टी
सोपंय ताई. ज्याचे पैसे लागतात तो मेन कोर्स, जे फुकट येतं ती साइड डिश.

बिंदुसरा
@हुरडा_पार्टी, मग बीडात साइड डिश उरलीच नाही म्हणा की. परवा कांदा मागितला तर बिलात 'ओनियन सॅलड' आलं. लिंबू तेवढं सोडलं होतं.

मालदांडी
धागा चांगला आहे. माझं मत ठाम आहे: हॉटेलवाल्यांनी आपलं ताट उलटं करून ठेवलंय. आपल्याकडं जेवण म्हणजे भाकरी. परभणी, सेलू, गंगाखेड, मानवत, कुठंही जा. रानात जाणारा माणूस भाकरी बांधून नेतो, सोबत कोरड्यास असेल ते. कधी पिठलं, कधी शेंगदाण्याची चटणी, काहीच नसलं तर तेल-तिखट आणि हातानं फोडलेला कांदा. कोरड्यास रोज बदलतं, भाकरी बदलत नाही. मग मेन कोण?

हॉटेलात मात्र पनीर पाटील झालं आणि भाकरी 'ब्रेड्स'च्या पानावर पार तळाला. २०२३ साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केल्यापासून तर तीच आपली ज्वारी 'मिलेट रोटी' होऊन दुप्पट दरानं यायलीय. पीठ कधीचं, ज्वारी कुठली, विचारायची सोय नाही. वेटरला मालदांडी ज्वारी आहे का विचारलं तर तो म्हणाला, सर, ती संपली, तंदुरी चालेल का?

कयाधू
सर, ऐकायला ब्येस आहे, पण पटत नाही. कोणी तुम्हाला फोन करून 'चला, भाकरी खायला ढाब्यावर' म्हणतं का? म्हणतात 'मटण खायला जाऊ', 'शेवभाजी खायला जाऊ'. ज्याच्यासाठी माणूस घर सोडतो तो मेन कोर्स. भाकरी घरीच आहे की. हिंगोलीहून वीस किलोमीटर गाडी हाणत भाकरीसाठी कोण जातंय?

मालदांडी
@कयाधू, आणि ढाब्यावर भाकरी संपली सांगितलं तर तुम्ही तिथं थांबता का?

कयाधू
नाही थांबत. तुमचा एक मुद्दा मान्य.

नांदेडचा_कॅप्टन
मी बरीच वर्षं हॉटेल लाइनीत काढली. वेटर, मग ऑर्डर घेणारा कॅप्टन, नांदेडात आणि नंतर संभाजीनगरला. आता लाइन सोडली म्हणून मोकळेपणानं सांगूलालो.

ताई, तुमचा पहिला अंदाज बरोबर आहे. आपल्याकडच्या पंजाबी पद्धतीच्या कार्डात 'मेन कोर्स' म्हणजे वाटीत येणारी भाजी, एवढंच. तिच्याबरोबर रोटी येत नाही, भात येत नाही. टेबलावर कांदा, लिंबू, लोणचं आणि हिरवी चटणी बहुतेक ठिकाणी येते, पण बिंदुसरा म्हणतात तसं विचारून घ्या. रायता, पापड, ग्रीन सॅलड वेगळं. बिर्याणी आणि पुलाव हे मात्र स्वतःच्या पायावर उभे असतात, त्यांना भाजी लागत नाही. जीरा राइसला डाळ लागते. लोक जीरा राइस मागवतात, डाळ रोटीबरोबर संपवून टाकतात, मग कोरडा भात पुढ्यात घेऊन दुसऱ्या डाळीची वाट बघत बसतात. हे मी रोज बघायचो.

आता आतली गोष्ट. किचनमधे शंभर भाज्यांसाठी शंभर पातेली नसतात. तीन-चार ग्रेव्ह्या सकाळीच तयार करून ठेवतात. लाल म्हणजे टोमॅटो-कांद्याची, पांढरी म्हणजे काजू-मगजबीची, पिवळी किंवा तपकिरी म्हणजे भाजलेल्या कांद्याची, आणि पालकाची हिरवी. ऑर्डर आली की त्यात पनीर, मटार, कोफ्ता, काजू जे असेल ते घालून वरून मसाला, बटर, क्रीम. म्हणून तुम्ही पनीर बटर मसाला, व्हेज मखनी आणि मलई कोफ्ता अशा तीन भाज्या मागवल्या तर नावं तीन आणि चव जवळपास एकच. टेबलावरचे लोक म्हणतात, सगळं सारखंच लागतंय हो. लागणारच. एक लाल, एक पांढरी, एक सुकी असं घ्या. ऑर्डर देताना 'ही कुठल्या ग्रेव्हीत येते?' एवढं विचारलं की कॅप्टन सरळ होतो, समोरचं गिऱ्हाईक जाणतं आहे हे त्याला कळतं.

दहा जणांत दोन पोरं आहेत, म्हणजे आठ मोठी धरा. फुल भाजी साधारण तिघांना पुरते. तीन भाज्या आणि दोन डाळी. हंडी लिहिलं असेल तर ती मोठी असते, किती जणांची ते विचारा. रोट्या एकदम सांगू नका. तंदूर रोटी पाच-सात मिनिटांत चामडं होते. पहिली आठ सांगा, ती वाढली की पुढची. नान मैद्याचा, त्यानं पोट लवकर भरतं. भात शेवटी, पण सांगायचा आधी. गर्दीच्या रविवारी 'भात नंतर बघू' म्हणणाऱ्याचा भात बिलाबरोबर येतो.

हुरडा_पार्टी
एवढं ज्ञान फुकट? कॅप्टन, तुम्हीच या धाग्याची साइड डिश.

सिझलर_शत्रू
कॅप्टननी देशी कार्ड समजावलं. कॉन्टिनेंटलच्या पानावर मात्र नियम उलटे, ते लक्षात घ्या. तिथं एका ओळीत एका माणसाचं पूर्ण ताट असतं. 'अमुक विथ मॅश्ड पोटॅटो अँड सॉटे व्हेजिटेबल्स' लिहिलंय म्हणजे तो बटाटा आणि त्या भाज्या हीच साइड डिश, पैसे त्यातच. मधे ठेवून वाटून खायची ती वस्तू नाही. आमच्या घरच्यांनी अशी एकच प्लेट सहा जणांत मागवली आणि वर चार बटर रोट्या. मॅश केलेला बटाटा रोटीला लावून खाल्ला. वाईट नव्हता लागत.

सिझलरचंही तसंच. लोखंडी तव्यावर भात किंवा नूडल्स, कटलेट, फ्रेंच फ्राइज, भाज्या, कोबीचं पान, सगळं एकत्र. त्यात मुख्य काय हे शोधेपर्यंत धुरानं डोळे भरून येतात. दहा जणांच्या जेवणात सिझलर मागवू नका, एकाचा तवा चरचरत येतो आणि बाकी नऊ बघत बसतात.

कुंडलिका
चायनीजचं कोणीच बोललं नाही! ड्राय मंच्युरियन स्टार्टरच्या पानावर, ग्रेव्ही मंच्युरियन मेन कोर्सच्या पानावर. गोळे तेच. रस्सा ओतला की बढती मिळते. जालन्यात आमच्याकडं गाड्यावर दोन्ही एकाच कढईतून निघतात.

आकडेमोड
@कुंडलिका 😄 सरकारी नोकरीतही असंच असतं.

बिलाचं सांगतो, धागा भरकटायच्या आत. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के, १५ नोव्हेंबर २०१७ पासून. मेन कोर्स असो की पापड, दर एकच. बिलावर जीएसटी क्रमांक आहे का बघा. कंपोझिशन योजनेतलं (छोट्या धंद्यांनी उलाढालीवर ठरावीक दरानं कर भरायची सोय) हॉटेल असेल तर त्याला गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही. सर्व्हिस चार्ज हा सरकारी कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक तत्त्वं काढली, तो आपोआप बिलात लावायचा नाही अशी. हॉटेल संघटना कोर्टात गेल्या, दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मधे ती तत्त्वं कायम ठेवली. दिसला तर शांतपणे काढायला सांगा. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आणि बसल्याबरोबर 'रेग्युलर की बिसलेरी?' विचारतात, तेव्हा न लाजता 'साधं पाणी' म्हणा. दहा जणांच्या बाटल्यांचा आकडा एका भाजीएवढा होतो.

खुलताबादी
सगळं शाकाहारी चाललंय, माळकरी काकांची माफी मागून थोडं अवांतर करतो. संभाजीनगरात येऊन मुख्य पदार्थावर चर्चा आणि नान खलियाचं नाव नाही, हे बरं नाही.

सांगतात की महंमद तुघलकानं १३२७ मधे राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली तेव्हा फौजेबरोबर हे जेवण आलं. परंपरेची गोष्ट आहे, पुराव्याचं इतिहासकार बघतील. मुद्दा असा की नान आणि खलिया यांत मुख्य कोण हा वादच होत नाही. नावातच दोघं बरोबरीनं बसलेत, तेही नान आधी. खलिया म्हणजे मटणाचा पातळ, वर तर्री तरंगणारा रस्सा. नान भट्टीतला, जाड, पिवळसर, मऊ. तो नान बदलून तंदूर रोटी दिली तर रस्सा तोच असूनही जेवण मोडतं. मोठ्या दावतीत नान भट्टीवरून मोजून आणतात आणि खलिया घरी किंवा अंगणात देगीत शिजतो. म्हणजे निम्मं जेवण एका कारागिराचं, निम्मं दुसऱ्याचं.

तसंच बगारा खाना आणि दालचा. खड्या मसाल्याच्या फोडणीचा भात आणि डाळ-दुधी-मटणाचा दालचा. भात एकटा खाता येत नाही, दालचा एकटा पीत नाहीत. निझामाचं राज्य १९४८ च्या सप्टेंबरात संपलं, पण मराठवाड्यातल्या लग्नांत ही जोडी अजून बसलेली आहे. बिर्याणीबरोबर मिरचीचं सालन आणि दह्याची चटणी द्यायची रीतही हैदराबादचीच. ते दोन्ही न मागता आले पाहिजेत. ज्या हॉटेलात सालनचे पैसे वेगळे लावतात तिथं मी बिर्याणी खात नाही.

कयाधू
@खुलताबादी, नान आधी म्हणून मालदांडी सर आता उड्या मारणार बघा.

मालदांडी
मारल्या.

जुना_सभासद
मूळ घोळ कुठून आला ते सांगतो. 'कोर्स' ही कल्पनाच एकामागून एक वाढण्याची आहे, आणि ती युरोपातही फार जुनी नाही. पूर्वी फ्रेंच उमरावांकडे एका फेरीला अनेक पदार्थ एकदम टेबलावर मांडायचे, ज्याला जे जवळ असेल ते त्यानं घ्यायचं. एकोणिसाव्या शतकात रशियन रीत तिथं रुळली: एकेक पदार्थ पाहुण्यापुढे आणायचा, तो संपला की पुढचा. एकामागून एक येणार म्हटल्यावर आधीचा, मुख्य आणि नंतरचा असे दर्जे अधिक पक्के झाले. आजचं मेन्यूकार्ड त्या रीतीवर बेतलंय. आपण मात्र सगळं टेबलाच्या मधे मांडून वाटून खातो. कार्ड रशियन, जेवणं मराठवाडी.

आपल्या पंगतीत दोन्ही होतं. पान मांडताना वरच्या टोकाला मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाज्या आणि आमटी. मधे वरणभात, त्यावर तूप. जागा ठरलेल्या. आणि क्रमही ठरलेला: आधी वरणभात, मग पोळी, मग मसालेभात, शेवट ताकभात. डावीकडचं थोडं वाढायचं, उजवीकडचं आग्रहानं. लहानपणी वाढायला उभे राहिलो की आजी बजावायची, चटणीवाल्यानं दुसऱ्यांदा फिरायचं नाही, भाजीवाल्यानं थांबायचं नाही. हॉटेलचं कार्ड वाचताना मी अजून तसंच करतो. हे डावीकडचं की उजवीकडचं, एवढंच बघतो. रायता डावीकडे. डाळ उजवीकडे. पनीर टिक्का कुठंच बसत नाही, म्हणून तो आधी येतो.

लातूरची_सूनबाई
जुना_सभासद, मस्त. पण आमची वेळ अमावस्या तुमच्या डाव्या-उजव्यात बसवून दाखवा बरं! रानात कोपीपाशी (कडब्याच्या खोपटापाशी) पूजा झाली की पुढ्यात भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, खीर, भात, हे सगळं एकदम येतं. भज्जीत तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, भाज्या, बेसन, चिंच, काय काय. मी माहेरची कोकणातली, पहिल्या वर्षी मला वाटलं भज्जी ही भाजी, तोंडी लावायला घ्यायची. थोडीशी वाढून घेतली. सासूबाई म्हणाल्या, 'अगं, हे का मीठ आहे? वाटीभर घे.' उंडा कुस्करून भज्जीत कालवला की कोण मुख्य हे सांगताच येत नाही. आंबील तर पिणं आहे की खाणं, यावरच घरात दोन मतं.

मांजरापुत्र
आंबील पितात. विषय संपला.

लातूरची_सूनबाई
आमच्या औशात भातावर घेणारे आहेत, भाऊ. कशाला भांडायलाव.

दूरदेशी_अंबाजोगाईकर
मी सध्या सोलमधे आहे, कोरियात. इथल्या जेवणावळीत हा प्रश्न फार छान सुटलाय. तुम्ही एक पदार्थ मागवायचा, सूप किंवा भाजलेलं मांस किंवा भात. त्याबरोबर सहा-सात छोट्या वाट्या न मागता येतात: किमची, मोड आलेली कडधान्यं, पालक, मुळा, असं काहीबाही. त्याला बानचान म्हणतात. बहुतेक ठिकाणी पैसे नाहीत आणि संपलं तर परत मिळतं. शाकाहारी माणसाला मात्र जपावं लागतं, किमचीत मासळी असते.

याच्या उलट इटलीत. कामानिमित्त जाणं झालं होतं. तिथं पास्ता हा पहिला कोर्स, त्यानंतर मांस किंवा मासा हा दुसरा, आणि त्या दुसऱ्याबरोबर बटाटा, पालक हवा असेल तर तो वेगळ्या पानावरून वेगळ्या पैशांनी. मांसाचा तुकडा पांढऱ्या प्लेटमधे एकटाच येतो. अमेरिकेतल्या साध्या खानावळींत मुख्य पदार्थाबरोबर 'दोन साइड्स निवडा' अशी सोय दिसते, पण महागड्या स्टेकच्या हॉटेलात बटाटाही वेगळा मागवायचा. म्हणजे एकच नियम कुठेच नाही. 'याच्याबरोबर काय येतं?' हा प्रश्न मी आता हॉटेलात पहिला विचारतो, नमस्काराच्या आधी.

बिंदुसरा
सहा-सात वाट्या फुकट, तेही परत परत? आपल्याकडं सुरू केलं तर लोक पाण्यावर आणि बानचानवर जेवून उठतील. मी तर नक्की.

नांदेडचा_कॅप्टन
@बिंदुसरा, उठतात. आम्ही पापड-चटणी फुकट ठेवायचो तेव्हा काही टेबलं तीनदा मागवून एका दाल तडक्यावर भागवायची. मालकानं बंद केलं. सगळी चूक मालकाची नसते.

नांदेडचा म्हणून एक सांगतो. आमच्या सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरात बसून बघा. कलेक्टर असो की हमाल, एकाच रांगेत, ताटात दाल, रोटी, भाजी, जे असेल ते. तिथं कार्ड नाही म्हणून गोंधळ नाही.

सिझलर_शत्रू
मला थाळीबद्दल बोलायचंय. एवढा घोळ घालण्यापेक्षा दहा थाळ्या मागवा की! भाज्या ठरलेल्या, गोड ठरलेलं, हिशोब ठरलेला.

आकडेमोड
थाळीत मोठं नुकसान म्हातारी माणसं आणि पोरं. ती दोन पोळ्या खातात आणि पैसे अनलिमिटेडचे. चार तरुण पोरं असतील तर थाळी, नाहीतर कार्ड. आणि अनलिमिटेड म्हटलं की आपली माणसं जेवत नाहीत, वसुली करतात.

शेंगोळे
थाळीबद्दल थोडं वेगळं मत. सासरे माळकरी, भाकरीवाले असतील तर त्यांच्यापुरती एक मराठी थाळी घ्या. पिठलं, वांग्याची भाजी, ठेचा, भाकरी, असं एका ताटात येतं. बाकीच्यांनी कार्डावरून. सगळ्यांनी तेच खाल्लं पाहिजे असा कायदा नाही. आम्ही उस्मानपुऱ्याकडे जातो तेव्हा वडिलांसाठी असंच करतो. म्हातारा माणूस दुसऱ्याच्या वाटीतलं पनीर चाखून बघतो, नाक मुरडतो आणि आनंदात पिठल्याकडे वळतो.

तेरणाकाठची
बाप रे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. कॅप्टनकाका, तुमचं ग्रेव्हीचं ऐकून कार्ड पुन्हा वाचलं. मी आधी ठरवलेल्या तिन्ही भाज्या लाल ग्रेव्हीतल्या निघाल्या, हॉटेलला फोन करून विचारलं.

आता असं ठरवलंय. सुरुवातीला टोमॅटो सूप आठ जणांना 'वन बाय टू', म्हणजे चार. पनीर टिक्का एक, क्रिस्पी कॉर्न दोन. मग काजू करी (पांढरी), शेवभाजी (झणझणीत, लाल), सुकी भेंडी. दाल तडका दोन. रोट्या कॅप्टनकाका म्हणाले तशा हप्त्याहप्त्यानं. जीरा राइस दोन, व्हेज पुलाव एक. सासऱ्यांना मराठी थाळी. बाबांना न विचारता दहीभात. कसं वाटतं?

कयाधू
एक नंबर. पण शेवभाजी आधी खाऊन बघा, शेव आत भिजवून आणली तर लगदा होतो. शेव वेगळी मागवा, वाढताना टाका.

नांदेडचा_कॅप्टन
दाल तडका दोन एकदम सांगू नका. एक रोटीबरोबर, दुसरी भाताच्या वेळी गरम. थाळी मात्र पहिल्या भाजीबरोबर मागवा, नाहीतर तुमचे सासरे सगळ्यांच्या आधी जेवून हात धुवून बसतील. पोरांना पुलाव लवकर द्या, रोट्यांसाठी थांबवू नका. उरलं तर पार्सल घ्यायला लाजू नका, डबे घरून न्या, डब्याचे पैसे लावतात काही ठिकाणी.

मालदांडी
भाकरी थाळीतच आली का शेवटी. मेन कोर्सच्या पानावर काही आली नाही.

जुना_सभासद
सर, थाळीत मधोमध आहे ना, तेवढं समाधान माना.

कुंडलिका
अहो, ऑर्डरमधे मसाला पापड नाहीच! दहा माणसं आणि मसाला पापड नाही? टिक्का यायला वीस मिनिटं लागतात, तोवर काय मेन्यूकार्ड खायचं?

आकडेमोड
मसाला पापड स्टार्टर की साइड डिश, आधी ते ठरवा. काही कार्डांत तो सुरुवातीला असतो, काहींत रायत्याशेजारी.

खुलताबादी
जेवणाच्या आधी आला तर स्टार्टर, जेवताना आला तर साइड डिश. जेवण झाल्यावर आला तर वेटर नवीन आहे.

हुरडा_पार्टी
आणि चौघांत एक मागवला तर भांडण. पाच सांगा ताई, पाच. वरचा कांदा-टोमॅटो पोरं खाली पाडणार ते धरून सहा.